मे महिना नसलेली नोकरी

१

पुजा राठोड मुलाखतीच्या खोलीत गेली ती साडेअकराला आणि बाहेर आली ती बाराच्या आत. तेवढ्या वेळात ती खोटारडी ठरली होती.

हिंगोलीत शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक हळदीची कंपनी आहे. आलेल्या मालाची नोंद ठेवायला तिथे एक माणूस हवा होता. पुजा बी.कॉम. झालेली, अक्षर सुरेख, उत्तरं देताना न अडखळणारी. पहिली दहा मिनिटं सगळं झकास चाललं. मग व्यवस्थापक प्रेमानंद यांनी तिचा बायोडेटा पुढे ओढला.

"वसमतच्या सुवर्णरेखा हळद भांडारात दोन वर्षं काम केलंत. मालकाचं नाव काय हो?"

"कुठं काम केलं?" पुजानं विचारलं.

प्रेमानंदांनी कागद तिच्याकडे फिरवला. दुकानाचं नाव ठळक अक्षरात होतं, आणि शेवटच्या पानावर तिची स्वतःची सही होती.

दुपारी ती वडिलांबरोबर आखाडा बाळापूरला लतीफ सरांच्या ओट्यावर येऊन बसली. वडील धर्मसिंग तांड्यावरचे शेतकरी, उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली न घातलेले. ते सरांच्या चपलांकडे बघत बोलत होते.

"सर, तिथं चार माणसांत पोरीला इचारलं, खोटं काहून लिवलं म्हणून. ती म्हणती, मी लिवलंच न्हाई. सही तर तिचीच हाय. मी कोणाचं खरं धरू?"

लतीफ सर गावच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. शाळेची घंटा कुणी नेली, परीक्षेचा गठ्ठा कुणी फोडला, असली कोडी त्यांनीच सोडवलेली. त्यामुळे गावात काही आक्रीत घडलं की माणसं आधी त्यांच्याकडे येत. सरांनाही ते आवडायचं, हे कशाला लपवा? त्यांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि पहिल्या पानावरच कपाळाला हात लावला.

चार पानं होती. कडेनं वेलबुट्टी, तीन रंगांची अक्षरं, उंची, वजन, रक्तगट. आवडींमध्ये वाचन, गायन आणि पर्यटन.

"पुजा, पर्यटन कुठं केलंस गं?"

"नांदेडला गेले होते सर. परीक्षेला."

"अगं, नोकरी मागायला चाललात का लग्नाच्या पत्रिका वाटायला? कोण शिकवतं तुम्हाला असलं?"

सर मनाशी हसले. ते हसू त्यांना पुढे फार दिवस बोचणार होतं.

त्यांनी प्रेमानंदांना फोन लावला. प्रेमानंदही त्यांचेच विद्यार्थी.

"सर, तुमचा शब्द मोडवत नाही, पण ऐका," प्रेमानंद म्हणाले. "असे तीन बायोडेटा आलेत. दोन तुमच्याकडचे, एक सेनगावकडचा. तिन्हींवर तेच दुकान. मी वसमतला चौकशी केली, असं दुकानच नाही. आणि गंमत बघा, दोन वर्षांची नोकरी कशी लिहिलीय? पंधरा जून ते तीस एप्रिल. दुसरं वर्ष, पुन्हा पंधरा जून ते तीस एप्रिल. हळदीच्या दुकानात मे महिन्यात सुट्टी! मार्केटला पाय ठेवायला जागा नसते तेव्हा."

"दुसरा इकडचा कोण?"

"रणजीत राठोड. सर, सोमवारपर्यंत थांबतो. पोरगी हुशार आहे. हे तिनं केलं नाही, असं दाखवून द्या. नाहीतर तिन्ही नावं मला इथल्या सगळ्या कंपन्यांना कळवावी लागतील."

सरांनी फोन ठेवला. रणजीत हा पुजाचा सख्खा चुलतभाऊ, आणि पुजाच्या अर्जाचं पाकीट हिंगोलीला घेऊन गेला होता तोच.

२

पण आधी छापणारा. बसस्टँडजवळ साजीदचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सर पुजाला घेऊन तिथे पोचले तेव्हा सातबाराच्या उताऱ्यासाठी, फोटोसाठी पाच-सहा माणसं उभी होती.

"या सर, बसा." साजीदनं स्वतःची खुर्ची दिली.

सर बसले नाहीत. वाटेत पुजानं त्यांना तिच्या वहीतलं पान दाखवलं होतं. साजीदला टाइप करायला दिलेला मजकूर तो. उण्यापुऱ्या सात ओळी. नाव, पत्ता, फोन, शिक्षण, टायपिंगची परीक्षा, येणाऱ्या भाषा. आणि शेवटची ओळ: घरची हळद शिजवणं, वाळवणं आणि माल निवडणं ही कामं लहानपणापासून केली आहेत. छापलेल्या चार पानांत ही ओळ कुठेच नव्हती.

"हे तिनं दिलेलं, आणि हे तू छापलेलं," सरांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "यातली नोकरी कुठून आली?"

साजीदनं कागदांकडे पाहिलं, मग सरांकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की!"

"सर, घाई होती. शेवटचा दिवस होता. लाइट जाऊन-येऊन राहिली होती..."

"लाइट गेल्यावर दुकानं उगवतात काय वसमतला?"

उभी असलेली माणसं हसली. साजीदचे कान लाल झाले.

"पुजा, सही करण्याआधी वाचलं नाहीस?"

"न्हाई सर. साजीदभाई म्हणले, बराबर बसवलंय, काळजी करू नको. मग मी शेवटचं पान तेवढं पाहिलं."

"का बसवलंस? कुणी सांगितलं?" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "पोरीचं नाव बुडवलंस तू. दुसऱ्याच्या कागदात आपल्या मनचं घालणं ही चोरी असते. दहावीला तुला हेच शिकवलं होतं मी?"

साजीदनं मान खाली घातली. चोर सापडल्यावर गयावया करतो, नाहीतर उलटून बोलतो. साजीद दोन्ही करत नव्हता. त्यानं फक्त कॉम्प्युटरचा पडदा हातानं जरासा भिंतीकडे फिरवला.

सरांनी ते पाहिलं. पडद्यावर असं काय होतं, की ते त्यांना दिसू नये?

३

तांड्यावर रणजीत लिंबाखाली मोटारसायकल धूत होता. सरांना बघून त्यानं नळी टाकली आणि पाया पडला.

"रणजीत, पुजाचं पाकीट तू नेलंस?"

"व्हय सर. डिंकानं चिकटवलेलं होतं, तसंच दिलं."

"जागा एकच. अर्ज तुम्हा दोघांचे. ती बाद झाली तर फायदा कुणाचा?"

रणजीत हसला. पण हसू कडू होतं. "सर, मलाबी त्याच दुकानाचं इचारलं. मी म्हणलो, मालकाचं नाव गणपतराव. साहेब म्हणले, आडनाव? मी म्हणलो, गणपतराव गणपतराव. हाकललं मला. बहिणीचा कागद बदलायचा तर माझ्या कागदावर तेच कशाला घालीन?"

सरांबरोबर आलेली पुजा मागून म्हणाली, "दादा, तू खोटं नाव सांगितलंस?"

"तोंडातून निघालं, बाई. तू तरी खरं बोललीस, काय मिळालं?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. सरांनी मुद्दा बदलला. "तू कुठं छापलंस? साजीदकडे?"

"न्हाई. हिंगोलीला, कॉलेजजवळ."

सर चमकले. साजीदनं छापलाच नाही, त्या कागदावरही तेच दुकान आणि तेच दिवस. मग हे साजीदच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. त्याच्याही मागे कुणीतरी होतं.

"मजकूर कुठून आणलास?"

"घरी एक कागद होता. मोठ्या भावाचा. त्याच्यावरून केला. मला वाटलं, ते फॉर्मातच असतं. साल तेवढं बदलायचं."

"तो कागद भावाला कुणी दिला?"

रणजीतनं नळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "ते नका इचारू सर."

"का? कुणाला भितोस?"

"भीत न्हाई कुणाला."

"मग?"

"नका इचारू म्हणलं ना, सर. तुमच्या पाया पडतो."

आणि तो खरंच पुन्हा पाया पडला. सर त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. एक पोरगा गप्प, दुसराही गप्प. दोघांनाही त्या माणसाचं नाव माहीत होतं आणि दोघंही ते झाकत होते. असा कोण मोठा माणूस होता तो?

४

दुसऱ्या दिवशी शनिवार. फातिमाबी ओसरीत मेथी निवडत होत्या आणि सर येरझाऱ्या घालत त्यांना सगळं ऐकवत होते. चाळीस वर्षांच्या संसारात फातिमाबींनी सरांची प्रत्येक चौकशी अशीच भाजी निवडत ऐकली होती.

"तिन्ही कागदांचं मूळ एकच आहे, फातिमा. कुणीतरी नमुना करून वाटलाय. पण तो माणूस मूर्ख आहे. त्याला व्यापारातलं काही कळत नाही. हळदीच्या दुकानातली नोकरी रचतो आणि मे महिना गाळतो! एकदा नाही, दोन्ही वर्षी. पंधरा जूनला सुरू, तीस एप्रिलला बंद. असं कुठलं दुकान असतं?"

"दुकान नसंल," फातिमाबी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अजी, तेहतीस साल तुमी मे महिन्यातच तर घरी राहिलात. माझ्या डोक्यावर. पंधरा जूनला शाळा उघडली की मी सुटकेचा सुस्कारा टाकायची."

सर थांबले.

शाळेचं वर्ष. जो माणूस जन्मभर पंधरा जूनपासून एप्रिलअखेरपर्यंतच काम मोजत आला, तो रचलेली नोकरीही तशीच मोजणार. हा कुणीतरी मास्तर होता. आता एकेक गोष्ट आपोआप जुळू लागली. कडेची वेलबुट्टी: सव्वीस जानेवारीला फळ्याभोवती रंगीत खडूनं काढतात तशी. एकही रकाना कोरा नाही: परीक्षेला जाणाऱ्या पोरांना मास्तर बजावतात तसं. आणि दोन्ही पोरांनी ज्याचं नाव घ्यायचं टाळलं, जीव गेला तरी ज्याला तोंडावर चुकीचं म्हणायचं नाही, असा माणूस त्या पोरांच्या आयुष्यात कोण असणार?

"बाळापुरात बायोडेटा शिकवणारा मास्तर कोण?" सर पुटपुटले.

फातिमाबींनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही.

"निवृत्त झालात त्या साली," त्या हळूच म्हणाल्या, "वाचनालयात पोरांचं शिबिर घेतलं होतं तुमी. नोकरीचा अर्ज कसा करायचा. विसरलात?"

५

साजीदच्या दुकानात या वेळी गिऱ्हाईक नव्हतं.

"पडदा फिरव," सर म्हणाले.

"सर, जाऊ द्या."

"फिरव बेटा."

साजीदनं पडदा फिरवला. शेकडो फायलींमध्ये एक होती, तिचं नाव 'लतीफ सर'. त्यानं ती उघडली. वेलबुट्टी, तीन रंग, आवडी, रक्तगट. उमेदवाराच्या जागी काल्पनिक नाव, आणि खाली सुवर्णरेखा हळद भांडार, वसमत.

आठवलं. सगळं आठवलं. त्या दिवशी वाचनालयात दोन तास बोलताना नमुना भरगच्च दिसावा म्हणून त्यांनी अनुभवाच्या रकान्यात तोंडाला येईल ते दुकान लिहिलं होतं. दिवसही तोंडाला आले ते. दुकानाचं नाव फार छान सुचलं, म्हणून खूशही झाले होते. साजीदनं ते टाइप केलं, चाळीस प्रती काढल्या आणि पोरं त्या घेऊन घरोघर गेली.

"हा नमुना होता रे," सर म्हणाले. "उदाहरण. आपापलं लिहायचं होतं."

"तुमी सांगितलं होतं सर, एकबी रकाना कोरा सोडू नका. कोरा दिसला की माणूस कच्चा वाटतो." साजीद फाइलकडे बघत बोलत होता. "फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवा म्हणायचात तुमी. काना-मात्रा बदलला तर छडी. मला वाटलं, जशी शेवटी ती 'वरील माहिती खरी आहे' ची ओळ सगळे लिहितात, तशी हीबी लिहायचीच असते. नोकरी केली असंल त्याची खरी घालायचो. नसंल त्याची हीच ठेवायचो. साल पुढं सरकवायचो."

"आणि पुजाची हळदीची ओळ?"

"तिला रकानाच नव्हता, सर. नमुन्यात."

काल नाकारलेल्या खुर्चीवर सर बसले. खरी ओळ काढून खोटी आत घातली गेली होती, आणि तो साचा त्यांच्या हातचा होता.

"काल का नाही बोललास? पाच माणसांत मी तुला चोर म्हणालो."

साजीदनं खांदे उडवले. "पाच माणसांत मी तुमाला काय म्हणणार होतो, सर?"

सर तिथेच बसून राहिले. थोड्या वेळानं झेरॉक्ससाठी तीन बायका आल्या, मग कालच्यांपैकी एक माणूस. तो आल्यावर सर उभे राहिले.

"काल मी इथं साजीदला चोर म्हणालो," ते म्हणाले. "ते खोटं होतं. चूक माझी होती. त्यानं माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा."

बायकांना काही कळलं नाही. तो माणूस भलतीकडे बघू लागला. साजीद घाईघाईनं म्हणाला, "सर, पाणी घ्या," आणि तोंड लपवायला माठाकडे वळला.

६

सोमवारी सर, पुजा आणि रणजीत हिंगोलीला गेले. प्रेमानंदांच्या टेबलाभोवती आणखी दोघे संचालक होते. सरांनी बसायला नकार दिला आणि सात वर्षांपूर्वीच्या शिबिरापासून सगळं सांगितलं. एकही गोष्ट आपल्या बाजूनं वळवली नाही. मधे एकदा प्रेमानंद म्हणाले, "सर, पुरे," तरी ते थांबले नाहीत.

शेवटी म्हणाले, "पोरांनी सही करण्याआधी वाचायला हवं होतं, ही त्यांची चूक. पण वाचायची सवय मी लावली नाही. उतरवायची लावली."

संचालकांपैकी एकजण वैतागला होता. "गुरुजी, आम्हाला कसलं भरताड नको असतं हो. शंभर अर्ज येतात. एक पान. नाव, फोन, शिक्षण, काय येतं. फुलं-पानं बघायला कुणाला वेळ आहे?"

"होय," सर म्हणाले. विद्यार्थ्यासारखे.

पुजानं वहीतलं पान फाडून टेबलावर ठेवलं. सात ओळी. प्रेमानंद वाचत शेवटच्या ओळीशी आले. शेजारच्या टोपलीतून त्यांनी दोन हळकुंडं उचलली आणि तिच्यापुढे धरली.

पुजानं एकेक मोडून आत पाहिलं, नखानं खरवडलं. "हे नीट शिजलंय. हे कच्चं राहिलंय, मधे फिकट हाय बघा. वाळताना कमी-जास्त शिजलेलं एकत्र टाकलं वाटतं."

"हे त्या चार पानांत का नव्हतं?" त्याच संचालकांनी विचारलं. मग स्वतःच सरांकडे पाहून गप्प झाले.

पुजाला नोकरी मिळाली. रणजीतला नाही. मालकाचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं रचलं होतं आणि ते त्यानं कबूल केलं. मात्र कुणाचंच नाव कुठे कळवायचं नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर पुजा सरांच्या पाया पडायला वाकली तशी सर दोन पावलं मागे सरले.

"आज नको," ते म्हणाले.

मग त्यांनी रणजीतला विचारलं, "शिबिरात तुझा भाऊ होता. आणखी कोण कोण होतं, आठवतं का कुणाला?"

७

चाळीस नावं गोळा व्हायला आठवडा गेला. त्यातली बारा-तेरा पोरं कुठेतरी नोकरीला लागली होती. बाकीच्यांची चौकशी सर एकेका घरी जाऊन करू लागले. ओट्यावर बसलेल्या माणसांनी हाक मारली तर थांबत नसत.

सेनगावच्या पुढे एका गावात ते जीपमधून उतरले. घर जिवनबाईंचं. मुलगा सोमेश्वर, शिबिराच्या वर्षी बाळापूरला मामाकडे राहून शिकायचा, पहिल्या बाकावर बसायचा. जिवनबाई सोयाबीन पाखडत होत्या. सरांना बघताच सूप टाकून उठल्या.

"अगोबाई, सर! या, या. एवढ्या लांब काहून आलात? निरोप धाडायचा की."

"सोमेश्वर आहे का?"

"पुण्याला हाय. गोदामात पोती उचलून राहिला. शिकला एवढा, पण नशीब न्हाई बघा. आठ ठिकाणी अर्ज दिला. एक-दोन जागी बोलावलं, मग काय झालं काय न्हाई, नंतर कुणी बोलवंना." त्यांनी पदरानं बाज झटकली. "म्हणायचा, आई, सरांनी शिकवलेला कागद हाय माझ्याकडं. सरांचा कागद असून जमत न्हाई, म्हंजे माझ्यातच काईतरी कमी हाय."

सर बाजेवर बसले होते. त्यांना वाटलं, हे वाक्य आपण ऐकलंच नाही असं करता आलं तर. चहा घ्यावा, मुलाला आशीर्वाद सांगावा, चारची जीप गाठावी. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं.

"त्याचा फोन लागेल का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"लागंल की. जेवणाची सुट्टी असती या टायमाला." जिवनबाईंनी आनंदानं नंबर लावला आणि ओरडून सांगितलं, "सोम्या, कोण आलंय सांग बरं आपल्या घरी? लतीफ सर!"

फोन सरांच्या हातात आला. पलीकडे गाड्यांचा, माणसांचा कालवा होता. मग तो कालवा मागे पडला. पोरगं बहुतेक धावत कुठल्यातरी कोपऱ्यात गेलं असावं.

"सर? मी सोमेश्वर. सर, माझं काही चुकलं का?"

लतीफ सर बाजेवरून उठले आणि सरळ उभे राहिले.

"नाही बेटा," ते म्हणाले. "तुझ्यात काही कमी नव्हतं. माझं चुकलं. तुला वेळ आहे ना? मी सगळं सांगतो."